दुःखावरची शॉर्ट फिल्म लिहिताय? आधी पात्राला एक काम द्या

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फिल्मच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. गोष्ट आई गेल्यावर घरी परत आलेल्या मुलीची. आराखड्यात पाच सीन आहेत, दुःखाच्या पाच अवस्थांप्रमाणे एकेक: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. मध्ये तीन फ्लॅशबॅक, एका ठिकाणी आईच्या पत्राचा व्हॉइसओव्हर, आणि शेवटी मुलगी बंद खिडकी उघडते आणि हसते. लिहिणाऱ्याची तक्रार अशी, की सगळं मनापासून लिहिलंय, तरी वाचून दाखवलं की कुणाला काहीच होत नाही.

मनापासून लिहिलंय हे आराखड्यावरून कळतं. अडचण अशी आहे, की या दहा मिनिटांत त्या मुलीला दुःखी असण्यापलीकडे काही कामच नाही. ती बसते, आठवते, रडते, पुन्हा बसते. तिच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षकाला कळायचं तर ते तिच्या हातून घडणाऱ्या गोष्टींतून कळणार, आणि इथे तिच्या हातून काही घडतच नाही. विद्यार्थी दुःखावरची गोष्ट घेऊन आले, की मी पहिल्याच बैठकीत विचारते: हे पात्र आज काय उरकायला निघालंय? ‘ती आईला विसरू शकत नाहीये’ असं उत्तर आलं, तर फिल्म अजून सापडलेली नाही. ‘तिला शुक्रवारच्या आत आईचं कपाट रिकामं करायचंय’ असं आलं, तर लिहायला बसता येतं.

आधी त्या पाच अवस्था बाजूला ठेवू. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या १९६९ साली मांडल्या, त्या स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला त्या नंतर लावल्या गेल्या, आणि लोकांनी जणू जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा त्या पाठ केल्या. पटकथेत त्यांचं नुकसान वेगळंच होतं. प्रत्येक सीनचा भाव आधीच ठरून जातो. नटी तो भाव ‘करून दाखवते’ आणि प्रेक्षक पुढचा भाव ओळखून मोकळा होतो. त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार लेखकाच्या जास्त कामाचा आहे. त्यांच्या मते शोक करणारं माणूस गेलेल्या माणसाकडे आणि पुढ्यातल्या व्यवहाराकडे असं सतत ये-जा करत राहतं. सकाळी फॉर्म भरताना अगदी ठणठणीत असतं, दुपारी कोटाच्या खिशात एक चिठ्ठी सापडते आणि हातपाय गळतात, संध्याकाळी पुन्हा कागदपत्रांच्या झेरॉक्स मोजत बसतं. ही ये-जा तुमच्या सीनच्या आत आणा. एका सीनला एक भाव देण्याऐवजी एकाच सीनमध्ये काम आणि आठवण यांची ओढाताण होऊ द्या.

आणखी एक गोष्ट लिहायच्या आधी ठरवायची: नुकसान नेमकं कसलं आहे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक गोष्टींत मृत्यू असतो, आणि तो असायला हरकत काहीच नाही. पण पॉलिन बॉस या अभ्यासक बाईंनी ज्याला संदिग्ध हानी म्हटलं, तो प्रकारही बघा: माणूस बेपत्ता आहे, किंवा समोर बसलंय पण स्मृतिभ्रंशामुळे तुम्हाला ओळखत नाही. शोकाचेच अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये आणखी एका दुःखाकडे लक्ष वेधलं, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. ज्याच्याशी नातं कुणाला माहीत नव्हतं असा प्रियकर, जन्माआधी गेलेलं मूल, घटस्फोट झालेला नवरा, पाळलेलं जनावर. इथे पात्राला रडण्याचाही हक्क मिळवावा लागतो, त्यामुळे संघर्ष आयताच हाती येतो. तुमची गोष्ट आईची आहे आणि ती तशीच राहू द्या. पण आई गेली एवढं पुरत नाही. आई गेल्याने या घरातलं नेमकं कोणतं काम थांबलं, ते शोधा. गेलेलं माणूस काय करत होतं हे कळलं, की त्याचं नसणं कुठे दिसेल ते आपोआप कळतं.

तुमच्याच गोष्टीवर करून दाखवते.

आईचा मोबाइल घरात आहे. तो बंद ठेवता येत नाही, कारण नातेवाइकांचे फोन अजून त्यावर येतात आणि बँकेची कामं निस्तरायला लागणारे कोडही त्याच नंबरवर येतात. त्या मोबाइलमध्ये पहाटे ५:४० चा अलार्म लागलेला आहे. तो रोज वाजतो. मुलीला लॉक उघडायचा पिन माहीत नाही, त्यामुळे वाजणारा अलार्म तेवढ्यापुरता बंद करता येतो, पण कायमचा काढून टाकता येत नाही. पहिल्या पहाटे ती दचकून उठते, अंधारात चाचपडते, बाजूचं बटण दाबते, पुन्हा झोपते. दिवसा बँकेच्या कागदांवर सह्या करता करता ती पिन शोधायला लागते. स्वतःची जन्मतारीख टाकून बघते. चुकीचा. भावाची टाकून बघते. चुकीचा. आता तिच्याकडे एक काम आहे, त्या कामात अडथळा आहे, आणि ‘आईला माझी तारीख ठेवावीशी वाटली नाही’ हा बारीकसा सलही आहे. तो तिने बोलून दाखवायची गरज नाही.

तिसऱ्या पहाटे ती आधीच जागी आहे. मोबाइल हातात आहे. अलार्म वाजतो आणि स्क्रीनवर वेळेखाली त्याचं नाव दिसतं, जे झोपेत तिने दोन दिवस वाचलंच नव्हतं: ‘बाबांची गोळी’.

आता मागचं सगळं नव्याने दिसतं. अलार्म आईचा होता, पण आईसाठी नव्हता. आई गेल्यापासून वडिलांनी सकाळची गोळी घेतलेली नाही, आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, वडिलांच्याही. पिन सापडण्याची गरज आता उरली नाही. मुलगी जो आवाज बंद करायला धडपडत होती, त्या आवाजाचं काय करायचं हा आता तिच्यापुढचा प्रश्न आहे. एक घर, दोन पात्रं, एक वस्तू, आतापर्यंत तीन पहाटा. यात फ्लॅशबॅक एकही नाही, तरी आई कशी होती ते आपल्याला कळलं.

हा कल्पनेचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका. तो कसा बांधला ते बघा. वस्तू निवडताना मी तीन गोष्टी तपासते. ती वस्तू स्वतःहून काही करते का? फोटो भिंतीवर नुसता असतो, अलार्म वाजतो, रोपटं सुकतं, मासिक दारात येऊन पडतं. दुसरं, ती पात्राला निर्णय घ्यायला लावते का? आणि तिसरं, सुरुवातीला तिचा जो अर्थ वाटतो, तो शेवटपर्यंत बदलतो का? आईची साडी, बाबांचा चष्मा, हार घातलेला फोटो हे पहिल्या शॉटला जे सांगतात तेच शेवटच्या शॉटला सांगतात, म्हणून ते निव्वळ सजावट होऊन बसतात.

आता फ्लॅशबॅक. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये तीन फ्लॅशबॅक म्हणजे फार तर दीड-दोन मिनिटं, आणि एवढ्यात आई हसते, केसांवरून हात फिरवते, काहीतरी भरवते. कोणत्याही आईचा फ्लॅशबॅक असाच दिसेल. प्रेक्षकाला तिची आठवण येण्याइतकी ओळख होत नाही, आणि तिकडे वर्तमानातला ताण मात्र तुटतो. शिवाय जी व्यक्ती नाही हे जाणवून द्यायचंय, तीच पडद्यावर तीनदा येऊन जाते. तिन्ही काढा. पत्राचा व्हॉइसओव्हरही काढा. गेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं नीट लिहिलेलं पत्र लेखकाची सगळी कामं एकट्याने करून टाकतं, आणि मग पात्राला शोधायला काही उरत नाही. आईचे शब्द हवेच असतील, तर तिने काहीतरी वेगळ्याच कारणासाठी लिहिलेले शब्द वापरा: हिशेबाच्या वहीतली ओळ, डब्यावरची चिकटपट्टी, अलार्मचं नाव. ते शब्द निरोप म्हणून लिहिलेले नसतात, म्हणूनच लागतात.

रडण्याबद्दल. ‘ती ओक्साबोक्शी रडते’ ही ओळ तुमच्या आराखड्यात दोनदा आहे. विद्यार्थी फिल्ममध्ये नटीला तयारीला फारसा वेळ मिळत नाही, आणि सेटवर अश्रू आणण्याच्या धडपडीत अर्धा दिवस जातो. याहून मोठं कारण असं, की पात्र रडून मोकळं झालं की प्रेक्षकही मोकळा होतो. लिहिताना पात्राला रडू आवरायला लावणारं काम द्या. दारात माणूस सही घ्यायला उभा आहे, फोनवर पलीकडे कुणीतरी खातेक्रमांक विचारतंय, कडेवर मूल आहे. आकडे सांगताना एक अंक चुकतो, ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. एवढ्यात काम होतं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी साधारण १९२० च्या आसपास केलेला प्रयोग तुम्हाला शिकवला असेलच: नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉट्सशेजारी लावला, आणि बघणाऱ्यांनी त्यात कधी भूक वाचली, कधी शोक. लेखकासाठी याचा अर्थ असा, की चेहऱ्याचं वर्णन करण्यात शाई घालवू नका. ती काय बघते ते नेमकं लिहा.

संवादांतही तेच. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, तिथे माणसं त्याबद्दल फार कमी बोलतात. गॅस, किल्ल्या, कोण कधी निघणार, हेच चालू असतं. वरच्या गोष्टीत दुसऱ्या रात्री बाप-लेक समोरासमोर बसलेत असं धरा.

वडील: पाण्याची बाटली आत ठेवलीस?
मुलगी: हो.
वडील: झाकण सैल आहे तिचं.
मुलगी: घट्ट लावलं.
वडील: तिला यायचं नीट लावता.

आई हा शब्द यात नाही. ‘तिला’ एवढंच आहे, आणि शेवटच्या ओळीनंतर कुणी काही बोलू नये. तुमच्या मसुद्यात मुलगी म्हणते, ‘बाबा, आईशिवाय हे घर घर वाटत नाही.’ हे तिला खरंच वाटत असणार, पण ती ते वडिलांना म्हणणार नाही, कारण ऐकून त्यांचं काय होईल हे तिला ठाऊक आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये अशा ओळी जरूर लिहा, त्या लिहिल्याशिवाय सीन कशाबद्दल आहे ते आपल्यालाच कळत नाही. दुसऱ्या ड्राफ्टला त्यांच्याखाली रेघ मारा आणि पात्राला दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लावा.

नियोजनाचा क्रम मी असा ठेवते. स्क्रिप्टचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन वाक्यांत गोष्ट लिहायची, त्यात ‘दुःख’, ‘आठवणी’, ‘पोकळी’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. मग पानभर गोष्ट, वर्तमानकाळात, फक्त दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टी. त्यानंतर स्टेप आउटलाइन, म्हणजे सीनची क्रमवार यादी, दहा मिनिटांसाठी सहा ते आठ सीन. प्रत्येक सीनपुढे दोनच गोष्टी टिपायच्या: पात्र काय करायला आलं, आणि जाताना काय बदललेलं होतं. ज्या सीनपुढे दुसरी जागा रिकामी राहते, तो सीन कितीही सुंदर असला तरी गाळायचा. पावसात गच्चीवर उभी असलेली मुलगी बहुधा इथेच गळते.

लांबीचा हिशेब या विषयात हमखास फसतो. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा संवाद आणि कृती यांच्या नेहमीच्या प्रमाणावर बसवलेला आहे. तुमच्या फिल्ममध्ये शांतता जास्त आहे. ‘ती पिन टाकून बघते. चुकीचा.’ ही अर्धी ओळ पडद्यावर वीस सेकंदं खाऊ शकते. दहा मिनिटांसाठी सात, फार तर आठ पानं लिहा. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून सगळी स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, आणि कृतीच्या ओळी वाचताना ती कृती खरोखर हाताने करून बघा. चौदा पानांचा मसुदा घेऊन शूटला गेलात तर एडिटला आधी शांतताच कापली जाईल, कारण संवाद कापले की गोष्ट कळत नाही. मग उरेल ती फक्त माहिती.

आवाज स्क्रिप्टमध्येच लिहा. कुणाचं नसणं कॅमेऱ्यापेक्षा माइक लवकर पकडतो. पहिल्या सीनमध्ये घरात कोणते आवाज आहेत आणि कोणता थांबलाय, ते ठरवा. वरच्या गोष्टीत अलार्मची धून हे जवळजवळ तिसरं पात्र आहे. ती कोणती, किती वेळ वाजते, दुसऱ्या खोलीतून कशी ऐकू येते, हे कागदावर हवं. प्रत्येक लोकेशनवर निघण्याआधी सगळ्यांना स्तब्ध उभं करून किमान तीस सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. शांततेच्या फिल्मला तो सर्वांत जास्त लागतो आणि घाईत नेमका तोच राहतो. पार्श्वसंगीत मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ‘करुण बासरी’ असं लिहिलं की सीनमध्ये काय कमी आहे ते शोधायचं आपण थांबवतो. पहिला कट संगीताशिवाय उभा राहतो का ते बघा, मग संगीतकाराला बोलवा.

निर्मितीचं थोडक्यात. पहाटेचे सीन खरोखर पहाटे शूट करायच्या भानगडीत पडू नका, वीस मिनिटांत उजेड बदलतो आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, हातची जाते. खिडकी झाकून, बाहेरून एक लाइट लावून तेच दिवसा करता येतं. मोबाइलची स्क्रीन जिथे गोष्टीचा कणा आहे तिथे टेस्ट शूट घ्याच. ऑटोमॅटिक वेळ बंद करून घड्याळ हाताने मागे-पुढे करता येतं, पण ब्राइटनेस, फ्लिकर (स्क्रीनचं लुकलुकणं) आणि अक्षरांचा आकार कॅमेऱ्यातूनच तपासावा लागतो. ‘बाबांची गोळी’ हे दोन शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला सावकाश दोनदा वाचता येतील इतका वेळ पडद्यावर हवेत.

ही गोष्ट तुमच्या स्वतःच्या घरातली असेल, तर आणखी काही सांगायचंय, आणि हे मला तांत्रिक भागाइतकंच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण या विषयावर लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःचंच लिहीत असतात. शूटच्या दिवशी तुम्हाला ‘पुन्हा एकदा’ म्हणता आलं पाहिजे. आईच्या मृत्यूचा सीन सहाव्यांदा घेताना तुम्ही मॉनिटरमागे कोसळणार असाल, तर तो सीन अजून लिहायचा नाही, किंवा बदलून लिहायचा. नातं बदला, आईची मावशी करा, मुलीचा मुलगा करा. जेवढं अंतर पडेल तेवढं स्पष्ट दिसायला लागतं. घरच्यांना स्क्रिप्ट शूटच्या आधी दाखवा, पडद्यावर पहिल्यांदा बघायची वेळ त्यांच्यावर आणू नका. नट निवडतानाही विषय आधीच सांगा आणि नकार द्यायची मोकळीक ठेवा. कुणाच्या घरी काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं.

आणि गोष्टीतला मृत्यू आत्महत्येचा असेल, तर लिहिण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी काढलेली मार्गदर्शिका वाचा. कशा प्रकारे जीव दिला त्याचे तपशील दाखवू नयेत, त्याला एकच सोपं कारण चिकटवू नये, मृत्यू सुंदर किंवा सुटकेसारखा रंगवू नये. प्रेक्षकांत त्या क्षणी त्याच विचाराशी झगडणारं कुणीतरी बसलेलं असू शकतं. परीक्षक म्हणून मी अशा फिल्म बघते तेव्हा, जिथे मृत्यू पूर्णपणे पडद्याबाहेर ठेवलाय तिथे गोष्टही बहुतेक वेळा जास्त भक्कम असते, कारण ती मागे राहिलेल्यांकडे बघते.

शेवटाकडे येऊ. खिडकी उघडून हसणारी मुलगी ‘स्वीकार’ दाखवण्यासाठी आलीय, आणि अवस्था काढल्यावर तिचीही गरज उरत नाही. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी एका पुस्तकातून असं मांडलं, की गेलेल्या माणसाशी नातं तोडणं म्हणजेच सावरणं, हे समजणं चुकीचं आहे. लोक ते नातं दुसऱ्या रूपात चालू ठेवतात आणि तरीही नीट जगतात. तुमच्या शेवटावरचं ओझं यामुळे बरंच कमी होतं. मुलगी बरी झाली हे सिद्ध करायचं नाहीये. पहिल्या पहाटेपेक्षा चौथ्या पहाटे ती एक गोष्ट वेगळी करते, एवढं पुरे. अलार्म वाजल्यावर ती उठून गोळी आणि पाणी नेऊन देते, हा एक शेवट. वडील आधीच उठून बसलेत आणि अलार्म तिच्याआधी तेच बंद करतात, हा दुसरा. तिसरा असा, की ती स्वतःच्या मोबाइलमध्ये त्याच वेळेचा अलार्म लावते आणि नाव देताना बोट थांबतं, कारण आता तो कुणाचा हे तिला ठरवायचंय. मला तिसरा सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात निर्णय तिचा आहे आणि तो आपल्यासमोर होतो. तुम्ही तिन्ही लिहून बघा, प्रत्येकी अर्धं पान, आणि गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला फक्त शेवटचं अर्धं पान वाचायला द्या. पात्राने काय ठरवलं ते त्याला सांगता आलं, तर तो शेवट चालेल.

शीर्षक मात्र सगळ्यात शेवटी ठरवा. ‘पोकळी’, ‘शून्य’, ‘आठवणींच्या सावल्या’ ही नावं फिल्म सुरू होण्याआधीच प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगतात. ‘५:४०’ सारखं नाव सुरुवातीला काहीच सांगत नाही आणि नंतर सगळं सांगतं. समर्पणाची पाटी घालायची असेल तर ती श्रेयनामावलीच्या आधी, फिल्म संपल्यावर घाला. सुरुवातीला घातली, तर बघणारा दहा मिनिटं तुमच्याबद्दल हळहळत बसेल आणि त्या मुलीकडे त्याचं लक्ष जाणार नाही.